दोन तुकडे, दोन बाटल्या : आरोग्यमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातल्या सरकारी-खासगी रुग्णालयांचे त्वचारोग विभागप्रमुख

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या कोपराजवळचा कातडीचा तुकडा तपासणीसाठी काढला, तो फॉर्मालिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावाच्या, बाटलीत टाकला आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला की निश्चित निदान करता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत हेच झालं होतं. शहर वेगळं, रुग्णालय वेगळं, बाटली तीच. दोन्ही रुग्णालयांची नावं घेण्यात मला रस नाही. पण इतक्या वर्षांनी तोच घोळ दुसऱ्या बाईच्या वाट्याला जसाच्या तसा येत असेल, तर एखाद्या डॉक्टरची नजरचूक म्हणून तो सोडून देता येत नाही. म्हणून आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी हडपसरला पोळी-भाजी केंद्र चालवते. माझ्या आजाराचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. घरात आम्ही नुसतं 'डीएच' म्हणतो. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते. सीलिअॅक हा आतड्याचा आजार आता थोडाफार ऐकून माहीत झाला आहे, त्याचंच हे कातडीवर दिसणारं रूप. कोपर, गुडघे, बसायची जागा, मानेमागे आणि डोक्यात बारीक पाण्याचे फोड येतात, तेही दोन्ही बाजूंना सारखे. खाज अशी की फोड टिकूच शकत नाही. डॉक्टरांपुढे जाईपर्यंत ओरखडे आणि खपल्या तेवढ्या उरलेल्या असतात.

माझ्यावर आधी खरजेचे उपचार झाले. घरातल्या सगळ्यांनी रात्रभर अंगाला लोशन लावून ठेवायचं, चादरी उकळायच्या. मग गजकर्ण ठरलं. मग मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने एक ट्यूब दिली, तिने कातडी पातळ झाली. मग एका डॉक्टरांनी माझा धंदा ऐकला आणि लगेच सांगितलं, 'पिठाची अॅलर्जी आहे, हातमोजे घालून कणीक मळा.' मी त्यांच्यापुढे दोन्ही हात धरले. माझे तळहात आणि बोटं दिवसभर कणकेत असतात आणि ती स्वच्छ होती. रक्त निघत होतं कोपरातून, जिथे पीठ कधी लागतच नाही. हा आजार पीठ हाताला लागून होत नाही, गहू पोटात जाऊन होतो, हे त्या हातांवर लिहिलेलं होतं. वाचलं कोणी नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या बाटलीची आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

या आजाराचं निदान कातडीच्या तुकड्यावर होतं, पण त्यासाठी दोन तुकडे लागतात. एक फोडावरचा. तो नेहमीप्रमाणे फॉर्मालिनमध्ये जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. या दुसऱ्या तुकड्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स नावाची तपासणी करतात. कातडीच्या वरच्या थराखाली जी बारीक टोकं असतात, त्यांच्यात आयजीए नावाच्या अँटीबॉडीचे कण साचलेले असले तर ते खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकतात. ते दिसले की निदान पक्कं. आतड्याचा तुकडा काढायची बहुतेक वेळा गरजही उरत नाही. मात्र हा दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला की या तपासणीच्या दृष्टीने तो वाया गेला. त्याला मिशेल्स मीडियम नावाचा द्राव लागतो. त्यात तुकडा बर्फाशिवाय काही दिवस टिकतो, म्हणजे तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला कुरिअरने जाऊ शकतो. तोही नसेल तर साध्या सलाईनमध्ये ठेवून दिवसभरात लॅबला पोचवला तरी चालतं. म्हणजे प्रश्न कोट्यवधींच्या यंत्राचा नाही. छोट्या कुपीचा आणि ती कुठल्या तुकड्यासाठी आहे हे सांगणाऱ्या एका ओळीचा आहे.

हे ज्ञान नवंही नाही. फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग यांनी या आजाराचं वर्णन १८८४ मध्ये केलं. या रुग्णांच्या आतड्यातही बिघाड असतो हे १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवलं. कातडीत आयजीए साचतं हे व्हॅन डर मीर यांनी १९६९ मध्ये. अँटीबॉडी नेमक्या कातडीतल्या कुठल्या प्रथिनावर तुटून पडतात, तेही २००२ मध्ये कळलं. मी मागते आहे ती तपासणी माझ्या वयापेक्षा जुनी आहे, महोदय.

म्हणून मागणी अशी. सगळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं यांना एक पानी परिपत्रक पाठवा : फोड येणाऱ्या, न हटणाऱ्या खाजेच्या रुग्णाचे दोन तुकडे घ्या, दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवा, दुसरी बाटली फॉर्मालिनची नको. सहाही महसुली विभागांत निदान एकेका सरकारी प्रयोगशाळेत ही हिरव्या चमकेची तपासणी मोफत होऊ द्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. आमच्यासारख्या रुग्णाला दाखल करत नाहीत, उभ्याउभ्या तुकडा काढून घरी पाठवतात. तेव्हा हा खर्च योजनेबाहेर राहणार नाही अशी काही सोय लागेल.

दुसरी तक्रार जनुकांच्या रिपोर्टची. इथे रुग्ण अंधारात आहेच, शिवाय त्या अंधारावर धंदा चालतो.

डीएच आणि सीलिअॅक या दोन्हींसाठी सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ ही जनुकं लागतात. डीएचच्या दहातल्या नऊ रुग्णांत डीक्यू२ असतं, उरलेल्या जवळजवळ सगळ्यांत डीक्यू८. या जनुकांमुळे पेशींवर जो साचा तयार होतो त्यात ग्लूटेनचा तुकडा नेमका बसतो आणि प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते. दोन्ही जनुकं नसतील तर हा आजार जवळपास होतच नाही. पण असतील तर होतोच असं नाही. घरात काडेपेटी आहे म्हणून घर जळालं असं कोणी म्हणत नाही. देशात साधारण तीनातल्या एका माणसाकडे यातलं एखादं जनुक आहे आणि त्यातले बहुतेक लोक जन्मभर पोळ्या खाऊन सुखात जगतात. हे पत्र वाचणाऱ्या आपल्या खात्यातल्या मंडळींमध्येही ती असणारच.

तर ही तपासणी आजार नाकारण्यासाठी चांगली, ठरवण्यासाठी निरुपयोगी. आता माझ्या घरी काय झालं ते ऐका. माझं निदान झाल्यावर मुलीची तपासणी करावी असं ठरलं. ते योग्यच होतं. सीलिअॅकच्या रुग्णाच्या आईवडील, भावंडं आणि मुलांपैकी सात-आठ टक्क्यांना तोच आजार निघतो. करायची होती रक्तातली टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडीची साधी तपासणी. एका खासगी लॅबने गळ्यात मारली ती जनुकांची महागडी तपासणी. रिपोर्टमध्ये डीक्यू२, त्यापुढे लाल अक्षरांत 'हाय रिस्क', आणि फोनवरच्या मुलीचा सल्ला : आजपासून गहू बंद. बंद केला. काही महिन्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते कपाळाला हात लावून बसले. गहू बंद केल्यावर अँटीबॉडी आपोआप उतरतात, मग तपासणी निगेटिव्ह आली तरी तिला अर्थ नाही. पोरीला पुन्हा कित्येक आठवडे पोळ्या खायला लावल्या आणि मग रक्त दिलं. अँटीबॉडी नव्हत्या. आज ती पोळी खाते, अधूनमधून रक्त तपासून घेते. पण त्या लाल अक्षरांचा कागद नातेवाइकांत फिरायचा तो फिरला. 'हिच्यात आईचा रोग आलाय' हे वाक्य मी एका लग्नात माझ्या कानांनी ऐकलं. विम्याच्या एजंटानेही तो कागद मागितला होता. जनुकीय आजाराच्या नावाखाली दावे नाकारू नका, असं विमा नियामकाने कंपन्यांना मार्च २०१८ मध्येच बजावलेलं आहे. एजंटाला ते माहीत नव्हतं.

उलट माझा भाऊ. त्याच्या अंगावर एक फोड नाही. वर्षानुवर्षं रक्त कमी, लोहाच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या. माझं निघाल्यावर त्याचं बघितलं तर सीलिअॅक. जनुक एकच, मला कातडी, त्याला आतडं. असं का होतं हे विज्ञानालाही पुरतं उलगडलेलं नाही. फिनलंडमध्ये तर एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला डीएच आणि दुसऱ्याला नुसतं सीलिअॅक असल्याचं आढळलं आहे. म्हणून नातेवाइकांना 'तुम्हाला खाज आहे का' एवढंच विचारून भागत नाही. डीएच किंवा सीलिअॅक निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या आईवडील, भावंडं आणि मुलांची टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए ही रक्ततपासणी सरकारी रुग्णालयात मोफत हवी, आणि ती गहू बंद करण्याआधी हवी. जनुकांची तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय 'वेलनेस पॅकेज'मध्ये विकली जाऊ नये. जिथे होईल तिथे रिपोर्टवर मराठीत ठळक छापलेलं असावं : हे जनुक असणं म्हणजे आजार असणं नव्हे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गहू सोडू नका.

तिसरी गोष्ट. 'हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे नसतो,' हे मी पदवीधर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला देशपातळीवरचा एक मोठा अभ्यास या वाक्याला पुरेसा आहे. सीलिअॅकच्या अँटीबॉडी उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडल्या, दक्षिणेत ०.१० टक्के. पण जनुकं? उत्तरेत सुमारे ३८ टक्के लोकांत आणि दक्षिणेत सुमारे ३६ टक्के लोकांत. म्हणजे जनुकांत जवळजवळ काही फरक नाही. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझंच आयुष्य दिसलं. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं कोठार. घरी सकाळ-संध्याकाळ भाकरी, गहू सणावाराला पुरणपोळीपुरता. लग्न होऊन पुण्यात आले आणि डब्यात पोळी, रात्री पोळी, उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, पाहुणे आले तर शिरा. अंगातलं जनुक मंगळवेढ्यालाही हेच होतं. फोड पुण्यात आले. आता तर मंगळवेढ्यातही पोळी रोजची झाली आहे. सोलापूर, लातूर, जालना, कुठेही बघा, भाकरी म्हाताऱ्यांच्या ताटात आणि महागड्या हॉटेलांच्या मेन्यूत उरली आहे. त्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारत होता. महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यात किती लोक खरूज समजून अंगाला लोशन चोळत बसले आहेत ते मोजायला नको का? कोकण, मराठवाडा आणि विदर्भ धरून एक पाहणी करा. भात खाणारा, ज्वारी खाणारा आणि गहू खाणारा, असे तिन्ही महाराष्ट्र एकाच राज्यात आहेत. असा अभ्यास करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आता गोळीबद्दल. डॅप्सोन. खाज दोन-तीन दिवसांत थांबते. मला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा रात्रभर झोप लागली आणि सकाळी मी रडले. पण ही गोळी कातडीपुरती आहे, आतड्याचं काही सुधारत नाही. गहू सोडणं हाच उपचार, आणि गोळी सुटायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. शिवाय जी६पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांचं रक्त या गोळीने धडाधड फुटतं. ही कमतरताही जनुकीयच, आणि आपल्याकडच्या काही समाजांत ती जास्त आढळते. मला गोळी लिहून देताना कोणी ती तपासणी सांगितली नव्हती. माझं काही बिघडलं नाही, दुसऱ्याचं बिघडेल. पहिल्या गोळीआधी जी६पीडी आणि हिमोग्लोबिन, नंतर ठरावीक काळाने पुन्हा रक्त, हा नियम प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात लागू करा.

हीच गोळी कुष्ठरोगाची आहे हे आपल्याला मी सांगायला नको. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने १९५० च्या दशकात डॅप्सोनच्या भरवशावर गावोगाव सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही पद्धत घालून दिली, ती पुढे देशाने उचलली. आजही कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई दारोदार जाऊन चट्टे बघतात. लोकांची कातडी घरी जाऊन बघायची सवय या राज्याला आहे. त्याच फेरीत एक प्रश्न वाढवा : दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर किंवा बसायच्या जागी न थांबणारी खाज आणि फोड आहेत का, आणि खरजेच्या औषधाने फरक पडलेला नाही का? 'हो' म्हणेल त्याला चिठ्ठी द्यायची. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा या कामाचा मोबदला वेगळा द्या, फुकटात ढकलू नका.

आणि जेवण. यातलं बरंचसं आपल्या खात्याचं नाही, पण खाती एकमेकांशी बोलू शकतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही आहे. माझ्या भावाला रेशनवर गहू मिळतो, तो त्याला विष आहे. डॉक्टरांचा दाखला असेल त्याला गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी द्या. तेवढ्याच किलोत द्या, जास्त नको. खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. मग अन्न व औषध प्रशासनाने बाजारातली पाकिटं उचलून तपासावीत. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे आमच्या प्रत्येक आमटीच्या फोडणीत गहू. खपली गहू 'पचायला हलका' म्हणून डीएचच्या रुग्णांनाही सुचवणारे लोक आहेत. खपली गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे, हे कोणीतरी सरकारी शिक्क्यानिशी सांगा.

गिरणीचं तर विचारू नका. गव्हावर ज्वारी दळली की ज्वारीच्या पिठात गहू आलाच. आमच्या गिरणीवाल्या काकांना उपवासाचा राजगिरा दळताना जातं झाडून घ्यायला सांगावं लागत नाही, ते आपणहून करतात. माझ्या ज्वारीसाठी सांगितलं तर म्हणाले, 'ताई, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय?' आता मी घरी छोटी गिरणी घेतली आहे. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी दर वॉर्डात, दर मोठ्या गावात एखाद्या महिला बचत गटाला फक्त भरड धान्याची गिरणी चालवायला अनुदान द्या. मधुमेहाचे रुग्णही तिथे रांग लावतील, धंदा बुडणार नाही. हे मी धंदेवाली म्हणून सांगते.

माझं केंद्र चालू आहे. पोळ्या आता दोन बायका दुसऱ्या खोलीत लाटतात, भाकरी मी थापते, तवा आणि परात वेगळी. गिऱ्हाईक विचारतं, 'ताई, तुम्ही तुमचीच पोळी खात नाही?' तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगते. प्रत्येकाला सांगत बसणं हे माझं काम नाही, आपल्या खात्याचं आहे.

वरच्या मागण्यांतली पाहणी, रेशन, गिरण्या यांना वेळ लागेल हे मला कळतं. पण दोन बाटल्यांचं परिपत्रक एका सहीचं काम आहे. ते या महिन्यात निघावं. ज्या बाईंमुळे मी हे पत्र लिहिलं त्यांचा तुकडा पुन्हा काढायचा आहे. त्यांनी अजून गहू सोडलेला नाही, मीच सोडू दिला नाही, म्हणजे तपासणी खरी येईल. तोवर त्या रोज खाजवत आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहते. उत्तर लेखी आणि मराठीत असावं.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रवाली
हडपसर, पुणे